अधिक श्रावणातला मिडफिल्डर

२०२३ सालच्या ऑगस्टमध्ये लिव्हरपूल फुटबॉल क्लबाने रोमेओ लाव्हिया नावाच्या १९ वर्षांच्या बेल्जियन मिडफिल्डरला विकत घ्यावे की घेऊ नये, हा प्रश्न प्रभादेवीतील आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ज्या गांभीर्याने चर्चिला गेला, तितक्या गांभीर्याने तो खुद्द लिव्हरपूलच्या कार्यालयात चर्चिला गेला असेल असे मला वाटत नाही. कारण तिथल्या लोकांना संध्याकाळी घरी जायचे असते. आमच्याकडे घरी जायला निघालेल्या माणसालाच चर्चेसाठी धरून ठेवतात. लिफ्ट पार्किंगच्या पलीकडच्या टोकाला आहे आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून बसलेल्या मंडळींना ओलांडल्याशिवाय तिथवर पोहोचण्याची सोय बिल्डरने ठेवलेली नाही. ऑफिसातून भिजून आलेला मी हातातली दुधाची पिशवी सांभाळत भिंतीच्या कडेने सरकू लागलो, की हमखास आवाज येई, "काय हो, पन्नास मिलियन जास्त वाटतात तुम्हाला?"

हा आवाज सोसायटीच्या खजिनदारांचा. गच्चीवरच्या टाकीच्या वॉटरप्रूफिंगसाठी तीन कोटेशने हातात असताना चौथे मागवणारे आणि चौथे आल्यावर 'आता पावसाळ्यानंतर बघू' असा शेरा मारून फाइल बंद करणारे हे गृहस्थ, ५० मिलियन पौंड म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे सव्वापाचशे कोटी रुपये एका पोरासाठी 'तोंडावर फेकून मोकळे व्हावे' या मताचे होते. लाव्हियाचा क्लब साउदॅम्प्टन ५० मागतो आहे आणि लिव्हरपूलवाले चाळीस, पंचेचाळीस असे चढत घासाघीस करीत आहेत, ही बातमी त्यांच्या अगदी जिव्हारी लागली होती. "एवढा मोठा क्लब, आणि भाजी घेतल्यासारखा भाव करतात!" असे ते म्हणाले, तेव्हा त्यांच्या पायाशी असलेल्या पिशवीतली मेथीची जुडी त्यांनी दादरला कितीला पाडून आणली होती, हे त्यांनी आम्हांला दहाच मिनिटांपूर्वी अभिमानाने सांगितले होते.

पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय माझ्या यातना वाचकांना समजणार नाहीत. त्या उन्हाळ्यात लिव्हरपूलची मधली फळी जवळजवळ रिकामी झाली होती. कप्तान हेंडरसन आणि फाबिन्यो सौदी अरेबियात गेले, मिल्नर, केइटा आणि ऑक्सलेड-चेंबरलेन यांचे करार संपले. मॅक अॅलिस्टर आणि सोबोस्लाई असे दोन उत्तम खेळाडू आले खरे, पण दोघांचाही जीव पुढे धावण्यात. बचावफळीच्या पुढ्यात उभा राहून प्रतिस्पर्ध्याचे हल्ले तोडायचे, चेंडू हिसकावायचा आणि तो निमूटपणे दुसऱ्याच्या पायाशी नेऊन द्यायचा, हे 'नंबर सहा'चे काम करायला माणूसच उरला नव्हता. ज्याचे नाव गोल करणाऱ्यांच्या यादीत क्वचितच येते, पण जो नसला की सगळ्यांना त्याची आठवण येते, अशी ही जागा आहे. आमच्या सोसायटीत ती पंप चालवणाऱ्या वॉचमनकडे आहे.

खजिनदारांच्या विरुद्ध पक्षाचे नेतृत्व तिसऱ्या मजल्यावरच्या प्राध्यापकांकडे होते. ते संख्याशास्त्र शिकवतात, आणि विद्यार्थी तासाला बसत नसल्यामुळे त्यांचे बरेचसे संख्याशास्त्र संध्याकाळपर्यंत शिल्लक राहते. मुलगा वरच्या पातळीवर एकच हंगाम खेळलेला आहे, तोही तळाला जाऊन खालच्या विभागात घसरलेल्या संघाकडून. मांडीचा स्नायू एकदा दुखावलेला आहे. मॅन्चेस्टर सिटीने वर्षापूर्वी साधारण दहा मिलियनला सोडलेला हा माल आपण पाचपट दराने का घ्यावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यातही त्यांना खरा राग होता तो निराळ्याच गोष्टीचा. करारातील कलमानुसार या विक्रीतला काही वाटा सिटीच्या पदरात पडणार होता, म्हणजे आपल्या पैशाने शत्रूचे घर भरणार होते. "आपल्या पैशाने" हे शब्द प्राध्यापकांनी इतक्या दुःखाने उच्चारले की मी नकळत माझे पाकीट चाचपून पाहिले.

तिसरा पक्ष माझ्या पुतण्याचा. त्याने लाव्हियाची चार मिनिटांची चित्रफीत पाहिली होती आणि ती मोबाइलवर प्रत्येकाच्या नाकासमोर धरून दाखवणे हे त्याने आपले जीवितकार्य ठरवले होते. तीत ढोल बडवल्यासारख्या संगीतावर तो मुलगा लागोपाठ चेंडू हिसकावतो, वळतो, पास देतो; एकही पास चुकत नाही, कारण चुकलेले सगळे पास कोणीतरी मेहनतीने कापून टाकलेले असतात. साउदॅम्प्टनकडून त्याने केलेला एकमेव लीग गोल तर पुतण्याने इतक्या वेळा दाखवला की तो गोल दर शनिवारी होत असावा असा आमच्या वॉचमनचा समज झाला. तो गोल चेल्सीविरुद्ध होता, हे येथे नोंदवून ठेवतो; पुढे लागेल.

आणि अप्पा. अप्पांचे वय ऐंशीच्या पुढे, आयुष्य गिरणीच्या हिशेबखात्यात गेलेले, आणि तरुणपण कूपरेज मैदानावर रोव्हर्स कपचे सामने बघण्यात. १८९१ साली सुरू झालेली ही स्पर्धा बंद पडून वीस वर्षे उलटली तरी अप्पांच्या लेखी फुटबॉल म्हणजे कूपरेजच. सगळे आकडे शांतपणे ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारले, "पोरगा डाव्या पायाने मारतो का?" आणि त्याचे उत्तर यायच्या आत, "नोकरी कुठे आहे त्याला?" त्यांच्या काळी खेळाडू क्लबाकडून खेळत, तसेच कंपनीच्या आणि रेल्वेच्या हजेरीपटावरही असत. पी. के. बॅनर्जींसारखा माणूस मोहन बागान, ईस्ट बंगालकडे न जाता इस्टर्न रेल्वेतच राहिला आणि १९५८ साली त्या रेल्वेने कलकत्त्याची लीग जिंकली, हे अप्पा दर चर्चेत सांगतात आणि वर विचारतात, "त्याला किती मिलियन दिले होते?" या प्रश्नावर प्राध्यापकसुद्धा गप्प बसतात.

या सगळ्यांत माझे हाल असे, की मला मत नव्हते. मला फक्त सामना बघायचा असतो. मुंबईत बसून इंग्लंडमधला क्लब पाळायचा म्हणजे रात्री साडेबाराला सुरू होणारा सामना झोपलेल्या घरात आवाज बंद करून बघायचा आणि गोल झाल्यावर उशीत तोंड खुपसून ओरडायचे, एवढी तपश्चर्या मी आनंदाने करतो. पण ज्या मुलाचा पूर्ण सामना मी कधी पाहिलेला नाही त्याच्या किमतीविषयी ठाम बोलायचे मला जमत नाही. हे पार्किंगमध्ये चालत नाही. "बघू या काय होते ते" असे म्हणणाऱ्याला दोन्ही पक्ष मिळून मारतात. खजिनदार मला कचखाऊ म्हणाले, प्राध्यापकांनी 'निर्णय न घेणे हासुद्धा एक निर्णय असतो' यावर व्याख्यान दिले, आणि पिशवीतले दूध अक्षरशः घामाघूम होईपर्यंत मी उभा राहिलो. एकदाच माझ्या तोंडून निघून गेले, की १९ वर्षांचे पोर आहे, त्याला थोडे खेळू द्यावे, मोठे होऊ द्यावे. नेमका त्याच वेळी खजिनदारांचा मुलगा स्कूटर बाहेर काढत होता. तोही १९ वर्षांचा. "सिद्धिविनायकाच्या सिग्नलच्या पुढे जायचं नाही, आणि पेट्रोल किती आहे ते बघून ठेव, आल्यावर मी बघणार आहे," असे त्याला बजावून खजिनदार आमच्याकडे वळले आणि म्हणाले, "एकोणीस म्हणजे काही लहान नव्हे. अॅनफिल्डवर पन्नास हजार लोकांसमोर उभा केला की आपोआप जबाबदारी येते."

त्याच महिन्यात प्रभादेवी स्टेशनातून स्लो लोकल पकडली असती, तर अर्ध्या तासात अंधेरीला पोहोचून, नुकतीच इंडियन सुपर लीगची शिल्ड जिंकलेल्या मुंबई सिटी क्लबाचा २२ वर्षांचा मिझो मिडफिल्डर अपुइया तेव्हा ज्या मैदानावर खेळत असे ते तरी पाहता आले असते. हे मी एकदा सुचवले. "अंधेरी लांब पडते," असे खजिनदार म्हणाले.

मग १० ऑगस्टची रात्र उजाडली. लाव्हियासाठी पाच मिलियन वाढवायला कुरकुरणाऱ्या लिव्हरपूलने ब्रायटन क्लबाच्या कायसेडो या मिडफिल्डरसाठी एकदम १११ मिलियन पौंड, म्हणजे साडेअकराशे कोटींच्या वर, मोजायची तयारी दाखवल्याचे वृत्त आले आणि दुसऱ्या दिवशी पत्रकारपरिषदेत खुद्द लिव्हरपूलचा प्रशिक्षक क्लॉप याने दोन्ही क्लबांचे ठरल्याचे सांगितले. ५० मिलियनला उधळपट्टी म्हणणारे प्राध्यापक १११ ला मात्र 'वाजवी' म्हणाले. त्यामागचे संख्याशास्त्र मला आजतागायत उलगडलेले नाही. खजिनदारांनी स्वखर्चाने वडापाव मागवले. सोसायटीच्या इतिहासात हे प्रथमच घडत होते, त्यामुळे वडे खाताना काहींचे डोळे भरून आले. (चटणी तिखट होती असेही म्हणतात.)

या जल्लोषावर पाणी टाकले ते खजिनदारांच्या मातोश्रींनी. रविवारी रात्री नऊला हंगामातला पहिलाच सामना होता, तोही चेल्सीशी, आणि घरात सर्वांत मोठा टीव्ही असल्यामुळे आम्ही सगळे खजिनदारांकडे जमलो होतो. तोवर कायसेडोला लिव्हरपूलला यायचेच नाही, त्याला चेल्सीत जायचे आहे, अशी कुजबुज सुरू झाली होती. आजींनी जपमाळ बाजूला ठेवून सारे प्रकरण समजून घेतले आणि विचारले, "बोलणी कधी लागली?" गेल्या महिन्यापासून, असे पुतण्याने सांगताच त्या म्हणाल्या, "अरे, मग कसं ठरेल? अधिक चालू आहे. अधिक महिन्यात कुणी व्यवहार करतं का?"

त्या वर्षी खरोखरच अधिक श्रावण होता आणि तो १६ ऑगस्टला संपायचा होता. आम्ही हसलो. सामना १-१ असा बरोबरीत सुटला. सोमवारी कायसेडो ११५ मिलियनच्या सौद्यात चेल्सीचा झाला. घाईघाईने पुन्हा लाव्हियाचे दार ठोठावावे तर त्यालाही तोवर चेल्सीच आवडू लागली होती, आणि शुक्रवारी, १८ ऑगस्टला, तोही तिकडे गेला. त्याच दिवशी लिव्हरपूलने श्टुटगार्टहून वातारू एन्डो नावाचा ३० वर्षांचा जपानी कप्तान सुमारे सोळा मिलियनला आणला. निज श्रावण लागून एकच दिवस झाला होता. आजींनी फक्त "बघा" एवढेच म्हटले आणि जपमाळ हाती घेतली.

त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये खजिनदारांचा जो चेहरा झाला होता, तो मी त्यांच्या पॅनकार्डावरही पाहिलेला नाही. "तीस वर्षांचा! सोळा मिलियनचा! सगळ्यात स्वस्त टेंडर उचलून आणलं!" असे ते कळवळून म्हणाले. आयुष्यभर सर्वांत स्वस्त टेंडर उचलत आलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकताना, टाकीतून गळणारे पाणी ज्यांच्या बेडरूमच्या छतावर नकाशे काढते त्या सातव्या मजल्यावरच्या वहिनी लिफ्टजवळ थबकल्या. पण काही बोलल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. अप्पांनी तेवढे विचारले, "जपानी कामाला चोख असतात. कामावर वेळेवर येईल ना?"

आला. सुरुवातीला इंग्लंडच्या वेगाने तो गांगरला, मग सरावला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये लीग कपच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत व्हॅन डाइकच्या हेडरवर लिव्हरपूलने हरवले ते नेमके चेल्सीला, तेव्हा मधल्या फळीत हा सोळा मिलियनचा माणूसच धावत होता. लाव्हिया मात्र दुखापतींमुळे त्या अख्ख्या हंगामात लीगच्या एकाच सामन्यात उतरू शकला. प्राध्यापकांनी यावर "मी आकडे दाखवले होते" असे म्हणून हसायला तोंड उघडले, तोच अप्पा त्यांच्यावर कडाडले, "पोराचा पाय दुखतोय आणि तुम्ही दात काढता?" तेवढा एक दिवस पार्किंगमध्ये क्रिकेटवर बोलणे झाले.

पुढच्या ऑगस्टमध्ये सान सेबास्टियनच्या सुबिमेंडीवरून हेच नाटक पुन्हा झाले. क्लब साठेक मिलियन युरोंचे रिलीज क्लॉज, म्हणजे खेळाडूला करारातून सोडवायची ठरलेली रक्कम, भरायला तयार, पण पोराने गाव सोडायला नकार दिला. या खेपेला अधिक नव्हता, त्यामुळे आम्ही मोठ्या अपेक्षेने आजींकडे गेलो. "आईला सोडवत नसेल," असे म्हणून त्यांनी विषय मिटवला. नवा माणूस न मिळाल्याने नव्या प्रशिक्षकाने, आर्ने स्लॉटने, वर्षभरापूर्वीच येऊन बहुतेक वेळ बाकावर बसलेल्या २२ वर्षांच्या ग्राव्हेनबर्खला सहा नंबरच्या जागी उभे केले, आणि २७ एप्रिल २०२५ रोजी टॉटनहॅमला ५-१ असे हरवून लिव्हरपूल विसाव्यांदा लीगविजेता झाला. ग्राव्हेनबर्खला तिथे खेळवावे असे आपण पहिल्यापासून म्हणत होतो, हे त्या रात्री खजिनदारांनी सांगितले, प्राध्यापकांनी सांगितले, पुतण्याने सांगितले. ज्या पार्किंगमध्ये हे म्हटले गेले, तिथे मी रोज अडवला जात होतो. त्याचे नाव माझ्या कानावर कधी आले नाही.

त्यानंतर दोनच महिन्यांत, जूनमध्ये, पाऊस लागला आणि खुर्च्या पुन्हा मांडल्या गेल्या. आता विषय लेव्हरकुसेनच्या २२ वर्षांच्या फ्लोरियन विर्ट्झचा होता: १०० मिलियन पौंड रोख आणि १६ मिलियन पुढच्या कामगिरीवर. मी दुधाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि उभा राहिलो, कारण जाऊ देणार नाहीत हे आता मला ठाऊक होते. प्राध्यापकांनी आकडे काढले, पुतण्याने चित्रफीत काढली, अप्पांनी डावा पाय काढला. खजिनदारांनी मोबाइलवर गुणाकार करून रक्कम रुपयांत आणली, साडेतेराशे कोटींच्या आसपासचा तो आकडा एकदा डोळे मिटून मनात घोळवला आणि म्हणाले, "द्या. माणूस चांगला असेल तर पैशाकडे बघू नये." मग त्यांनी वर बघितले आणि वॉचमनला हाक मारली.

"अरे, ती दुसरी ट्यूबलाइट कशाला लावलीस? बंद कर. कॉमन मीटरवर बिल येतं."

ट्यूबलाइट बंद झाली. १६ मिलियन कोणत्या अटीवर द्यायचे, यावरचा वाद रात्री जेवणाची हाक येईपर्यंत अर्ध्या अंधारात चालू राहिला.