कॅसेट म्हणजे कुरडई नव्हे

गेल्या रविवारी दुपारी साडेबाराला जुळे सोलापुरात आत्याच्या गच्चीवर गेलो. मे महिना, पारा ४३च्या पुढे, गच्चीवर चप्पल काढायची सोय नाही. चादर अंथरलेली. अर्ध्या चादरीवर कुरडया आणि उरलेल्या अर्ध्यावर व्हिडिओ कॅसेट. ओळीनं मांडलेल्या, पुढची झाकणं काडेपेटीच्या काड्या लावून वर उचललेली, म्हणजे आतल्या पट्टीला ऊन 'नीट' लागावं.

"आत्या, हे काय करायलालीस?"

"बुरशी धरली होती की रे. ग्रुपवर आलंय, दोन दिवस कडक उन्हात ठेवायच्या म्हणून. आज दुसरा दिवस."

आतोबांच्या कॅसेट त्या. एकूण २३. त्यांना टीव्हीवरचं रेकॉर्ड करून ठेवायचा नाद होता. प्रत्येकीवर निळ्या शाईत लेबल: 'गणपती ८९', 'नाटक, अर्धे', 'रविवार सकाळ', आणि चार-पाचांवर नुसतंच 'पुसू नये'. आतोबा गेल्यावर आत्यानं त्या पत्र्याच्या पेटीत जपल्या होत्या. इतकी वर्षं जपल्या आणि एका फॉरवर्डनं दोन दिवसांत वाळवल्या.

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. 'घरात जुन्या व्हिडिओ कॅसेट आहेत? आधी हे वाचा!' त्यात सहा गोष्टी ठोकून दिल्यात. एक, जुन्या सगळ्या मालिका दूरदर्शनकडे सुरक्षित आहेत आणि यूट्यूबवर येतच आहेत, त्यामुळे घरच्या कॅसेट म्हणजे रद्दी. दोन, तरी ठेवायच्या असतील तर बुरशी घालवायला दोन दिवस कडक ऊन द्या, मग पट्टीवर खोबरेल तेलाचा बोळा फिरवा; उन्हानं रेकॉर्डिंग पुसलं जात नाही. तीन, पट्टीत चांदी असते, भंगारवाल्याला फुकट देऊ नका. चार, टीव्हीवरून केलेलं रेकॉर्डिंग हा गुन्हा आहे, दंड होतो. पाच, कॅसेट लावून टीव्हीसमोर मोबाईल धरा, शूट करा आणि कॅसेट फेकून द्या. सहा, एकदा मोबाईलमध्ये आलं की ते कायमचं.

मी लग्नाचं शूटिंग करणारा माणूस. व्हीएचएसच्या, म्हणजे या घरगुती व्हिडिओ कॅसेटच्या, जमान्यात सुरुवात केली, व्हीसीआरची (कॅसेट वाजवायच्या यंत्राची) हेडं, म्हणजे पट्टीवरचं चित्र वाचणारे भाग, स्वतःच्या हातानं साफ केली. तज्ज्ञ नाही, पण पट्टीशी झटापट केलेली आहे. म्हणून दुसऱ्या मुद्द्यापासूनच सुरू करतो, कारण बाकीचे पाच मूर्खपणाचे आहेत, हा एक घातक आहे.

व्हीएचएसची पट्टी म्हणजे पॉलिएस्टरची अर्धा इंच रुंद फिल्म. तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा थर, आणि तो थर धरून ठेवायला एक चिकट राळेसारखं द्रव्य. चित्र त्या थरात तिरप्या रेषांत लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत अशी एक रेषा फक्त ४९ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी, रुंद. डोक्याचा केस साधारण त्याहून जाड असतो. व्हीसीआरमधलं हेडं बसवलेलं ड्रम मिनिटाला १५०० फेऱ्या मारत त्या रेषेवर बरोबर बसलं पाहिजे, तर चित्र दिसतं. आता ही पट्टी उन्हात तापली की काय होतं? हवेचा पारा ४३ असला तरी उन्हात पडलेली काळी वस्तू त्याहून कितीतरी तापते. सोलापुरात उन्हात लावलेल्या गाडीच्या काळ्या सीटवर बसलेल्याला हे शिकवायला नको. रिळावर घट्ट गुंडाळलेली पट्टी बाहेरच्या थरात एक तऱ्हेनं आणि आतल्या थरात दुसऱ्या तऱ्हेनं ताणली जाते. कडा वळतात, मध्ये सुरकुत्या पडतात, कवच वाकडं होतं. मग रेषा जागच्या जागी राहत नाहीत. चित्र जुळवायचं ट्रॅकिंगचं बटण कितीही फिरवा, चित्राला मुंग्या येतात त्या येतातच.

आणि बुरशी? ती उन्हानं मरेलही. पण मेलेली बुरशी पट्टीवरून उडून जात नाही, तिथंच पावडर होऊन बसते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली की ती पावडर हेडवर जाते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटवरही उतरते. म्हणजे एका आजारी कॅसेटनं घरातल्या सगळ्या कॅसेटला लागण. त्यावर खोबरेल तेल म्हणजे तर कळसच. तेल पट्टीवरून हेडवर, हेडवरून रोलरवर, आणि आपल्या गावची धूळ त्यावर येऊन चिकटणार. केसाला लावायची वस्तू केसालाच लावावी.

इथं एक गोष्ट नाइलाजानं मान्य करतो. उन्हानं रेकॉर्डिंग 'पुसलं' जात नाही, हे मेसेजमधलं वाक्य खरं आहे. चुंबकत्व जायला शेकडो अंश तापमान लागतं, तेवढं आपल्या मे महिन्यालाही जमत नाही. आणि पट्ट्या तापवतात हेही अगदी खोटं नाही. परदेशातल्या जतन-प्रयोगशाळांत काही जुन्या टेपा खास भट्टीत साधारण पन्नास अंशांच्या आसपास, तापमान काटेकोर धरून, तासन्‌तास ठेवतात. पण तो इलाज वेगळ्या आजारावर आहे. पट्टीवरचं ते चिकट द्रव्य हवेतला ओलावा शोषून लिबलिबीत होतं, त्यावर. तोही तात्पुरता, तापवल्यावर लगेच नक्कल काढून घ्यायची. बुरशीवर तो उपाय नाही आणि गच्ची म्हणजे प्रयोगशाळा नाही. बहुधा कुणीतरी त्या भट्टीबद्दल अर्धवट ऐकलं आणि भट्टीच्या जागी ऊन घातलं.

बुरशीच्या कॅसेटचं करायचं काय, तर आधी काहीच नाही. वाजवून बघायची नाही. बाकीच्यांपासून वेगळी काढायची, सावलीत, कोरड्या खोलीत, पुस्तकासारखी उभी ठेवायची. मागची छोटी टॅब मोडून टाकायची, म्हणजे चुकून तिच्यावर काही रेकॉर्ड व्हायचं नाही. कवच खालून पाच स्क्रूंचं असतं. माहीतगार माणूस ते उघडून रीळ बाहेर काढतो, तोंडाला मास्क लावून कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडानं पट्टी हळूहळू पुसतो आणि मग स्वच्छ कवचात घालतो. आणि तशी कॅसेट चालवायला वेगळा व्हीसीआर ठेवतो.

खरं तर या बाबतीत सोलापूरकर नशीबवान. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कॅसेटची जी अवस्था होते ती आपल्या कोरड्या हवेत होत नाही. आत्याच्या तेविसातल्या फक्त सहा कॅसेटवर पांढरी बुरशी होती, त्याही पेटीच्या तळाशी, न्हाणीघराच्या भिंतीला लागून होत्या त्या. सतरा चांगल्या होत्या. उन्हात मात्र तेवीसही ठेवल्या गेल्या.

आता पहिला मुद्दा, 'सगळं दूरदर्शनकडे आहे'. हा वाचून मला हसू आलं आणि मग राग आला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. सुरुवातीच्या काळात कितीतरी कार्यक्रम थेट जायचे, त्यांचं रेकॉर्डिंगच नव्हतं. जे टेपवर होतं तेही टिकेलच असं नाही, कारण टेप महाग होती आणि पुसून पुन्हा वापरणं ही त्या काळची रीतच होती. ही एकट्या दूरदर्शनची कथा नाही. बीबीसीसारख्या श्रीमंत संस्थेनंही हेच केलं. त्यांची 'डॉक्टर हू' ही मुलांची लाडकी मालिका घ्या. साठच्या दशकातले तिचे कितीतरी भाग त्यांनी स्वतःच पुसले नाहीतर टाकून दिले. पुढं ते शोधायला जगभर फिरावं लागलं. २०१३ साली नऊ हरवलेले भाग सापडले, कुठं, तर नायजेरियातल्या जोस गावच्या एका टीव्ही केंद्रात, तिकडं प्रक्षेपणासाठी पाठवलेल्या फिल्म पडून होत्या म्हणून. आणि जे भाग अजून सापडलेले नाहीत, त्यांचा आवाज मात्र संपूर्ण उपलब्ध आहे. तो बीबीसीनं नाही जपला. तेव्हाच्या पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून घरी रेकॉर्ड केला होता. आज ती मालिका बघणारे लोक त्या पोरांच्या रेकॉर्डिंगवर चित्रं जोडून हरवलेले भाग बघतात. ज्यांच्याकडे सगळं असायला हवं होतं त्यांच्याकडे नव्हतं आणि आतोबांसारख्या नादिष्टांकडे होतं. यावर आणखी किती पुरावा हवा?

तरी मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे, दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीच्या संग्रहातलं बरंच काही यूट्यूबवर आलंय, लॉकडाऊनमध्ये २०२०च्या मार्चअखेर रामायण पुन्हा लागलं ते आपण सगळ्यांनी बघितलं. पण रामायण टिकलं म्हणून सगळंच टिकलं असं होत नाही. आणि दुसऱ्या बाजूनं आशाही फुगवू नये. सत्तरच्या दशकातले मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम, 'गजरा' किंवा 'चिमणराव', यांतलं काही कुणाच्या सोलापुरी माळ्यावर सापडेल असं समजू नका. तेव्हा घरोघरी व्हीसीआर नव्हते, आणि सोलापुरात टीव्हीच नव्हता. (१९७५-७६मध्ये शेजारच्या विजापूर-गुलबर्ग्याच्या खेड्यांत अमेरिकी उपग्रहावरून सरकारी टीव्ही दिसत होता आणि आम्ही शहरातले शहाणे रेडिओला कान लावून बसलो होतो, ही सल अजून आहे.) घरात सापडेल ते १९८२च्या एशियाडनंतरचं, व्हीसीआर हळूहळू लोकांकडे यायला लागले तेव्हापासूनचं.

पण त्यात जे सापडतं ते कुठल्याच संग्रहात नीट नसतं. संग्रह मालिका ठेवतो. आतोबांच्या कॅसेटमध्ये मालिकेच्या आधीची निवेदिका आहे, मधल्या जाहिराती आहेत, बातम्यांचा शेवट आहे, आणि मधेच काळ्या पडद्यावर 'व्यत्यय'. त्या काळी घरात टीव्ही कसा दिसायचा, ते यात दिसतं. फिलाडेल्फियात मॅरियन स्टोक्स नावाच्या बाई होत्या. त्यांनी १९७९पासून २०१२मध्ये वारेपर्यंत घरी रात्रंदिवस टीव्हीवरच्या बातम्या रेकॉर्ड केल्या. सुमारे ७०,००० कॅसेट. लोकांनी वेडी म्हटलं असणार. आता तो सगळा साठा इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल संग्रह जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

चांदीचं थोडक्यात. व्हिडिओ पट्टीत चांदी नसते, गंज असतो, म्हणजे लोहाचा ऑक्साइड. चांदी असते सिनेमाच्या फिल्ममध्ये. आणि त्या चांदीपायी आपल्याकडे जुन्या चित्रपटांच्या कितीतरी प्रती वितळवल्या गेल्या, हे दुर्दैवानं खरं आहे. मेसेज लिहिणाऱ्यानं फिल्म आणि टेप एकच समजून दोन्हीचा घोळ घातला. भंगारवाला कॅसेट किलोवर घेतो, प्लॅस्टिक म्हणून.

गुन्ह्याचं त्याहून थोडक्यात. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ३९: स्वतःच्या खाजगी वापरासाठी प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग करणं हा हक्कभंग धरला जात नाही. आतोबा निर्दोष. ते रेकॉर्डिंग यूट्यूबवर चढवलंत तर मात्र गोष्ट वेगळी, मालिकेवर कुणाचा तरी हक्क असतो आणि तो बरीच वर्षं चालतो. पण घरात ठेवल्याबद्दल दंड? कुणी भरला, दाखवा.

पाचवा आणि सहावा मुद्दा एकत्रच घेतो. टीव्हीसमोर मोबाईल धरून काढलेलं चित्र लुकलुकतं, कडा कापल्या जातात, पंख्याचा आवाज येतो, आणि मध्येच कुणीतरी 'चहा घेणार का' विचारतं. काहीच नसण्यापेक्षा बरं, हे कबूल. पण ते करून मूळ कॅसेट फेकणं म्हणजे झेरॉक्स काढून सातबारा जाळणं. नीट काम करायचं तर व्हीसीआरमधून वायरनं थेट संगणकात घ्यायचं, चित्र थरथरू नये म्हणून मध्ये टाइम बेस करेक्टर, आणि फाईल दाबून छोटी न करता साठवायची. मग तीच फाईल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक घरी, एक दुसऱ्याच्या घरी. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत ही प्रत नव्हे, व्हॉट्सॲप ती चेचून पाठवतं. आणि 'कायमचं' म्हणणाऱ्यानं आपला २०११ सालचा मोबाईल काढून त्यातले फोटो दाखवावेत.

घाई मात्र खरी आहे, तेवढं त्या मेसेजनं बरोबर ओळखलं असतं तर माफ केलं असतं. पट्टीपेक्षा ती वाजवणारं यंत्र आधी संपतंय. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी जपानी कंपनी फुनाई, तिनं जुलै २०१६मध्ये उत्पादन बंद केलं. आता जे काय आहेत ते जुनेच, आणि त्यांचे सुटे भाग दुसऱ्या मेलेल्या व्हीसीआरमधून काढायचे.

आत्याच्या कॅसेट मी रविवारीच सावलीत घेतल्या. लगेच थंड खोलीत नाही नेल्या, जिन्यातच संध्याकाळपर्यंत राहू दिल्या. पाच कॅसेटची कवचं उघड उघड वाकडी झालीत. बुरशीच्या सहा वेगळ्या पिशवीत आहेत. बाकीच्यांत 'पुसू नये'पैकी दोन हातानं फिरवून बघितल्या, रीळ मोकळं फिरतं. आत काय आहे ते आत्यालाही आठवत नाही. ती म्हणते, "त्यांनी लिहिलंय म्हणजे असेल काहीतरी."

बघायचं तर माझ्या व्हीसीआरचा बेल्ट सैल झालाय, कॅसेट आत घेतो आणि लगेच बाहेर फेकतो. नव्या पेठेत दोन दुकानं विचारून झाली. एकानं विचारलं, "व्हीसीआर? अजून आहे तुमच्याकडे?" तुमच्या माळ्यावर बंद पडलेला एखादा असेल, तर भंगारवाल्याला देऊ नका. मला त्यातला बेल्ट हवाय.