गपकन, की खोकत खोकत?

चाळीस वर्षं पूर्ण केलेल्या गाडीला इंग्लंडात रोड टॅक्स भरावा लागत नाही, आणि दरवर्षीची तपासणीही २०१८पासून सक्तीची राहिलेली नाही. म्हणजे जिची तपासणी सकाळ-संध्याकाळ व्हायला हवी, नेमकी तीच गाडी सरकारने मोकळी सोडली आहे. अट एवढीच की तिच्यात फार मोठे बदल केलेले नसावेत, आणि ती रस्त्यावर चालवण्याजोगी आहे हे मालकाने बघावं. या शेवटच्या कलमात माझे शनिवार जातात.

गाडी एमजीबी आहे. १९७१ची, दोन माणसांची, कापडी छपराची, गडद हिरवी. पुण्याच्या मावसभावाकडेही एमजी आहे, पण ती गुजरातेतल्या हलोलच्या कारखान्यातली. एमजी म्हणजे ‘मॉरिस गॅरेजेस’, आणि हे नाव आता चिनी कंपनीकडे गेलंय. “आमची बोलते,” तो फोनवर सांगतो, “सनरूफ उघड म्हटलं की उघडते.” माझीही बोलते. किल्ली अर्धी फिरवली की मागच्या उजव्या चाकाच्या पुढ्यातून पेट्रोल पंप टिक-टिक-टिक करायला लागतो, कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोलात हवा मिसळणारी भांडी, भरत आले की टिक… टिक… असा मंदावतो, आणि भरले की गप्प होतो. गप्प झाला नाही तर पेट्रोल कुठेतरी गळतंय. मुळात बोललाच नाही तर गाडीखाली सरपटत जाऊन त्याला पान्याच्या मागच्या टोकाने टकटक करायची. ही शास्त्रशुद्ध पद्धत आहे. पंपातले पॉइंट, म्हणजे करंट जोडणारी-तोडणारी टोकं, चिकटतात, ते टकटक केल्यावर सुटतात. मावसभावाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “अरे, पण सर्व्हिसिंगला का नाही देत?”

सर्व्हिसिंगला देता येते. जुन्या गाड्यांचे कारागीर इथे आहेत, आणि त्यांचा ताशी दर ऐकला की माणूस आपसूक स्वावलंबी होतो.

आम्ही राहतो स्विंडनला. या गावात पूर्वी रेल्वेचा प्रचंड कारखाना होता, आता गोव्याची माणसं भरपूर आहेत, आणि मधल्या काळात इथल्याच ‘प्रेस्ड स्टील’ नावाच्या कंपनीच्या कारखान्यात एमजीबीची बॉडी तयार व्हायची. गाडी पुरी व्हायची ती ऑक्सफर्डजवळच्या ऍबिंग्डनला. १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांच्या वर गाड्या बाहेर पडल्या. आमच्या डावीकडचे आजोबा त्या प्रेस्ड स्टीलमध्ये होते. गाडी घरी आली त्या दिवशी ते बाहेर आले, नमस्कार-चमत्कार काही न करता खाली वाकले आणि दाराखालच्या पट्टीवर बोटाची पेरं वाजवली. या गाडीला खाली वेगळी चॅसी, म्हणजे सांगाडा, नाही, सगळा भार त्या पट्ट्यांवर. त्या आतून गंजल्या असतील तर गाडी मधोमध जॅकवर उचलली की दारं लागेनाशी होतात. आजोबांनी पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत वाजवून पाहिलं. ठण, ठण, ठण, मग एका जागी थप्प. “हे आमच्या वेळचं नाही,” ते म्हणाले आणि घरात गेले. आमची पहिली भेट ही.

तोवर या गल्लीत कुणी माझ्याशी हवामानापलीकडे बोललं नव्हतं. पण उघडं बोनेट म्हणजे गावचा पारच की. मी बोनेटला काठी लावायचा अवकाश, आजोबा येतात, समोरचे निवृत्त रेल्वेवाले येतात, पलीकडचा गोव्याचा शेजारी हातात चहाचा मग घेऊनच येतो. तिघांपैकी कुणी बाहीसुद्धा वर करत नाही. खिशात हात घालून इंजिनाकडे बघत राहतात, आणि बऱ्याच वेळाने एकजण श्वास आत ओढून “हं” म्हणतो. त्या “हं”ची किंमत मला निदान ऐंशी पौंड पडते.

पाने हा वेगळाच विषय. गाडीचे बोल्ट इंचातले, मापं सात सोळांश, एक द्वितीयांश, नऊ सोळांश. माझ्या पेटीतले सगळे पाने मिलिमीटरचे. ते बसल्यासारखे वाटतात आणि जोर लावला की बोल्टाच्या कडा खाऊन टाकतात. तेव्हा इंचाचा नवा संच. मग सीटमागच्या फळीखाली असलेल्या बॅटऱ्या. हो, बॅटऱ्या. या सालच्या गाडीत बारा व्होल्टची एक बॅटरी नाही, सहा-सहा व्होल्टच्या दोन आहेत, आणि त्यांचं पाणी बघायला सीट पुढे सरकवून, गुडघ्यांवर बसून, डोकं छपराच्या कापडात खुपसावं लागतं. एकदा त्या स्थितीत असताना बायकोने जेवायला हाक मारली. मी “आलो” म्हणालो खरा, पण तो आवाज घराकडे गेला नाही, डिकीकडे गेला.

गाडीखाली ठिबकणारं ऑइल टिपायला इथे मांजराची वाळू वापरतात. आमच्याकडे मांजर नाही. सुपरमार्केटच्या काउंटरवरच्या बाई दर वेळी मांजराचं नाव विचारतात, आणि बायकोने आता एक नाव सांगून टाकलंय.

यात खरी मजा कार्बोरेटर लावण्यात आहे, हे कबूल करायला हवं. दोन एसयू कार्बोरेटर शेजारी-शेजारी असतात, दोघांनी सारखीच हवा ओढायला हवी. हे कसं बघायचं? रबरी नळीचा हातभर तुकडा घ्यायचा, एक टोक कानात, दुसरं टोक पहिल्या कार्बोरेटरच्या तोंडाशी. आत ‘स्सस्स’ ऐकू येतं. मग दुसऱ्याच्या तोंडाशी. तिथला ‘स्सस्स’ जरा जाड असला तर स्क्रू किंचित फिरवायचा. पुन्हा पहिला. पुन्हा दुसरा. पुढची पायरी म्हणजे बाजूची बारीक पिन वर दाबून आतला पिस्टन केसभर उचलायचा. इंजिन जोरात पळायला लागलं तर पेट्रोल जास्त, मलूल झालं तर कमी, आणि क्षणभर उसळून पुन्हा जागेवर आलं तर बरोबर. मी तासन्‌तास असा वाकलेलो असतो. टपाल घेऊन येणारी मुलगी पहिल्या वेळी थबकली होती. आता ती पाकिटं वायपरखाली खोचून निघून जाते.

आणि अशी कान लावून, जीव लावून जमवलेली गाडी मॅजिक राउंडअबाउटवर बंद पडली.

ज्यांनी तो बघितला नाही त्यांच्यासाठी: स्विंडनमध्ये १९७२ साली एक चौक बांधला, त्यात मध्ये एक मोठं चक्र आहे आणि त्याच्याभोवती पाच छोटी चक्रं. छोट्या चक्रांभोवती रहदारी घड्याळाच्या दिशेने फिरते आणि मधल्या मोठ्या चक्राभोवती उलट. लोक दुरून हा चौक बघायला येतात. त्या दिवशी त्यांना मध्यभागी एक हिरवी एमजीबीही बघायला मिळाली. पाची बाजूंनी गाड्या तुंबल्या, पण हॉर्न एकानेही वाजवला नाही. आपल्याकडे निदान चार माणसं शिव्या देत का होईना, उतरून धक्का तरी देतात. इथे शेजारून सरकत जाणाऱ्या एका गृहस्थाने काच खाली करून अगदी मनापासून “सुंदर गाडी!” म्हटलं आणि तो निघून गेला. अखेर एक बसड्रायव्हर उतरला, आम्ही दोघांनी ती कडेला लावली. तिथे ती थंड झाली, आणि काही झालंच नाही अशा थाटात पहिल्या सेल्फला सुरू झाली.

पुढे हे नेमाचं झालं. इंजिन नीट तापलं की बंद, थंड झालं की सुरू. पारावर चर्चा रंगली. आजोबा म्हणाले कार्बोरेटर. रेल्वेवाले म्हणाले पेट्रोलची वाफ होते. गोव्याचा शेजारी म्हणाला, इथेनॉल. सप्टेंबर २०२१पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ते जुन्या रबरी नळ्या खातं. मी महागडं, पाच टक्केवालंच भरतो, असं सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला. गोव्यात आता वीस टक्केवालं मिळतं, त्याचा भाऊ रोज फोनवर रडतो, त्यामुळे विषय तिकडे वळला. शेवटी बहुमत कार्बोरेटरच्या बाजूने पडलं. मी पुन्हा नळी कानात घातली.

मिरजेच्या मामांचा फोन आला तो याच अवस्थेत. मामांनी उभं आयुष्य मिरज-कोल्हापूर रस्त्यावर अँबॅसडर टॅक्सी चालवली. “व्हिडिओ लाव, इंजिन दाखव,” म्हणाले. मी फोन बोनेटखाली धरला. पलीकडे क्षणभर शांतता, मग मोठ्याने:

“आरं, हे तर आपलंच इंजिन!”

आणि ते खरंच आपलं होतं. अँबॅसडर म्हणजे मुळात मॉरिस ऑक्सफर्ड. १९५८ ते २०१४ ती कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात बनत राहिली, आणि तिच्यात वर्षानुवर्षं १४८९ सीसीचं बी-सीरिज इंजिन होतं. माझ्या गाडीतलं १७९८ सीसीचं इंजिन त्याच घराण्यातलं, थोरल्या पातीचं. दिल्लीच्या मंत्र्यांनी आणि मामांच्या लग्नाच्या वऱ्हाडांनी जे इंजिन वापरलं, तेच इथे स्पोर्ट्‌स कार म्हणून मिरवत होतं.

“बंद पडती ती गपकन पडती, का खोकत खोकत?” मामांनी विचारलं.

“गपकन.”

“मग पेट्रोल सोड. पेट्रोल संपत आलं की गाडी खोकती, झटके देती. गपकन म्हंजे करंट. डेल्को उघड.”

डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्यूटर, प्रत्येक प्लगला करंट वाटणारा. मी भाषांतर करून सांगितलं. आजोबा म्हणाले, त्यांना सांग, कार्बोरेटर आहे. मामा म्हणाले, “त्यांना म्हणावं, कार्बोरेटरचा निम्मा आजार डेल्कोत असतोय.” आजोबांनी श्वास आत ओढला, पण “हं” म्हणाले नाहीत.

डेल्कोचं झाकण काढायला क्लिपा असतात, पण आतला स्क्रू सोडायच्या आधी शेजारची नळी हलवावी लागते. “सात सोळांशचा पाना लागेल,” मी म्हणालो. “सात सोळांश काय, साडेतीन सूत म्हण की लेका!” इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. मला एकदम कळायला लागलं. अर्धा इंच चार सूत, नऊ सोळांश साडेचार. त्या संध्याकाळी मी पेटीतल्या प्रत्येक पान्यावर पांढऱ्या रंगाने आकडे घातले.

गाडी तापवली, बंद पडू दिली, आणि मामांनी सांगितलं तशी ठिणगीसाठी करंटचा जोर वाढवणाऱ्या कॉइलची जाड वायर डेल्कोतून उपसून लाकडी चिमट्यात धरली, टोक इंजिनापासून जरा लांब. गोव्याच्या शेजाऱ्याने सेल्फ मारला. धडधाकट गाडीत इथे निळी, कडकडीत ठिणगी उडते. आमची होती पिवळी, केसासारखी, मेलेली. उलट डेल्कोत पॉइंटांच्या मधे मात्र दिवाळी चाललेली.

“कंडेन्सर,” मामा म्हणाले, आणि पलीकडे मामींना चहा टाकायला सांगितला.

बोटाच्या पेराएवढी पत्र्याची डबी. पॉइंट उघडतात तेव्हा करंट त्या फटीतून उडी मारायला बघतो. कंडेन्सर तो पोटात घेतो म्हणून कॉइल झटक्यात सुटते आणि प्लगला जोरदार ठिणगी मिळते. ही डबी आतून फुटली की थंड असताना कशीबशी चालते आणि तापली की हात वर करते. टपालाने नवी मागवली. कुठून ते सांगत नाही. नवी कोरी, चकचकीत, आणि दुपारच्या चहापर्यंत टिकली. नव्या डब्या हल्ली अशाच निघतात, याबाबत पारावर प्रथमच एकमत झालं.

मग मामांनी अँबॅसडरच्या काळातली एक डबी ट्रंकेतून शोधली आणि इकडे येणाऱ्या एका ओळखीच्यांच्या बॅगेत भडंगाच्या पुड्यात घालून पाठवली. डेल्कोत ती बसेना. “आत कशाला बसवतोस? बाहेर बांध,” मामा म्हणाले. कंडेन्सरला जागेचं सोवळं नसतं. अंगाला अर्थिंग आणि वायरीला पॉइंट मिळाला की झालं. कॉइलच्या पट्टीखाली डबी आवळली, वायर डेल्कोपर्यंत ओढली. डबीला अजून भडंगातल्या लसणाचा वास येत होता. ठिणगी निळी.

आजोबांनी खाली वाकून बघितलं. “हे मूळचं नाही,” म्हणाले. मी मामांना सांगितलं. मामा म्हणाले, “चालतंय का विचार त्यांना.”

चालतंय. मॅजिक राउंडअबाउटवरून उलटसुलट फिरवून आणली, तापू तापू तापवली, तरी चालतंय. फक्त परत येताना पाऊस लागला आणि वायपर मधोमध उभे राहिले. बोनेट उघडलं, पार भरला, वायपरची मोटर की फ्यूज यावर दोन तट पडले. मी मिरजेला फोन लावला.

“वायपरला काय करायचंय?” मामा म्हणाले. “बटाटा काप आणि काचेवर घास. पाणी थांबत नाही.”

घासला. खरंच थांबत नाही. आता ग्लव्ह बॉक्समध्ये साडेतीन सुताच्या पान्याशेजारी कायम एक बटाटा असतो, आणि घरात रस्सा करायचा असला की तो तिथून नाहीसा होतो.