स्वतःचंच टोक धरून बसलेलं पोरगं

काल बुधवार. कोल्हापुरात बुधवारी घरात काय शिजतं ते सांगायला नको. आणि मी नऊ वाजल्यापासून काळ्या स्क्रीनकडं बघत बसलेलो, कारण माझ्या प्रोग्रॅमनं काढलेलं चाईल्ड, म्हणजे पोर-प्रोसेस, काही मरंना.

एरर नाही, वॉर्निंग नाही, सीपीयू शून्य टक्के. क्रॅश झाला असता तर मुका घेतला असता त्याचा! पण नाही. पॅरेंट, म्हणजे बाप-प्रोसेस, वेटमध्ये (पोर संपायची वाट बघत), चाईल्ड रीडमध्ये (डेटा वाचायला टपून), दोघंही निवांत, रंकाळ्यावर भेळ खाऊन बसल्यागत. आईनं दोनदा विचारलं, "अरं, जेवतोस का झाकून ठेवू?" म्हटलं, पाचच मिनिटं. म्हणजे आई माझ्यासाठी थांबलेली, मी पॅरेंटसाठी, पॅरेंट चाईल्डसाठी. आणि चाईल्ड कुणासाठी थांबलंय, हे कळायला मला साडेबारा वाजले.

दोघांच्या मधे एक पाईप, एका टोकानं लिहायचं, दुसऱ्यानं वाचायचं. पॅरेंटनं डेटा लिहिला, लिहायचं टोक क्लोज केलं. ती ओळ मी इतक्यांदा वाचली की डोळे मिटले तरी दिसत होती. मग रीडनं शून्य, म्हणजे 'डेटा संपला', द्यावं, लूप मोडावा, पोरानं गप घरी जावं. काम एवढंच! परवापर्यंत चालत पण होतं, कारण परवापर्यंत एकच रीड होता. काल मला शहाणपण सुचलं आणि मी लूप टाकला. डेटा कितीही मोठा आला तरी पुरा वाचायचा म्हणे.

मधल्या तीन तासांत काय काय केलं ते सांगायची लाज वाटते. जीसीसी कंपायलर काढून परत टाकला. मशीन रीस्टार्ट केलं. बफरचा आकडा बदलून बघितला. वायफायवर संशय घेतला. वायफायवर! एका मशीनमधल्या दोन प्रोसेस बोलायला!

शेवटी एसट्रेस लावला, प्रोग्रॅम सिस्टीमकडं काय मागतोय ते दाखवणारं टूल. समोर काय, तर रीड, कंस, ३, स्वल्पविराम, आणि पुढं काहीच नाही. साधा कंससुद्धा बंद होईना. मग प्रॉकमध्ये, म्हणजे प्रोसेसांची माहिती असते तिथं, शिरून चाईल्डच्या उघड्या एफडी (फाईल डिस्क्रिप्टर, उघड्या टोकांचे नंबर) बघितल्या. ३ नंबरला पाईप, बरोबर. ४ नंबरला पण पाईप. तोच पाईप, तोच आकडा. लिहायचं टोक, चाईल्डच्या हातात!

म्हणजे हे येडं स्वतःच बोलायचं टोक धरून बसलंय आणि पलीकडून कोण बोलतंय का म्हणून कान लावतंय. जगात बोलणारा हा एकटाच उरलाय, तरी वाट बघतंय. लिहायचं एक जरी टोक कुठं उघडं असलं तर कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, ईओएफ (डेटा संपल्याची खूण) देत नाही, मान्य. पण वाचणारा तोच, लिहिणारा तोच, हे दिसतंय ना रे तुला? मग दे की शून्य! फोर्क झाला, म्हणजे बापाची कॉपी होऊन पोर जन्मलं, की बापाच्या सगळ्या एफडी पोराला मिळतात. बँकेतल्या असत्या तर मुदत तरी संपली असती.

काळम्मावाडी धरणातून येणाऱ्या पाण्याच्या थेट पाईपलाईनची वाट बघत मोठी झालेली माणसं आम्ही. पाईपाच्या टोकाशी बसून वाट बघायला आम्हाला कुणी शिकवू नये. पण तिथं निदान धरण तरी पलीकडं होतं.

आणि निघालाच आहे विषय तर ऐका. प्रिंटएफनं ओळ छापून मग फोर्क केला, तर टर्मिनलवर एकदा छापतंय, आणि आउटपुट पाईपात सोडलं की तीच ओळ दोनदा. का, तर बफरची, म्हणजे छापायच्या आधी ओळ साठते त्या जागेची, पण कॉपी झाली. पोर लिहिणार, बाप वाचणार, आणि बापात आधी वेट आणि मग रीड लिहिलं, तर लहान डेटाला पळतंय आणि पाईपात ६५,५३६ बाइट भरले की दोघंही गार. टेस्टिंगला कोण ६४ केबी टाकतंय? डेमोलाच जातात ते! वाचणारा आधी गेला, तर सिगपाईप (पाईप तुटल्याचा सिग्नल) येऊन लिहिणारा पण मुकाट्यानं मरतो, मागं चिठ्ठी नाही. आणि यावर कुणाला विचारावं, तर "मॅन पेज वाच की", म्हणजे मॅन्युअल. अरे वाचलंय रे भावा, पाठ आहे! वाचून कळलं असतं तर तुझ्या तोंडाला लागलो असतो का?

१९६४ ला बेल लॅब्जच्या डग मॅकिलरॉयनं लिहून ठेवलं, प्रोग्रॅम बागेतल्या पाईपागत एकमेकांना जोडता यावेत. १९७३ ला केन थॉम्प्सननं म्हणे एका रात्रीत ते युनिक्स ऑपरेटिंग सिस्टीममध्ये बसवलं. एका रात्रीत. माझी पण एकच रात्र गेली, हिशोब फिटला.

एक ओळ टाकली, चाईल्डमध्ये क्लोज. एंटर मारायची खोटी, काम खल्लास. नाद खुळा! सहज म्हणून दोन वर्षांपूर्वीचा जुना प्रोजेक्ट उघडला, तर फोर्कच्या खालीच माझ्याच हातची कमेंट: 'नको ती टोकं दोन्हीकडं बंद कर, गाढवा.' गेल्या आठवड्यात हेच मी इंटर्नला फळ्यावर चित्र काढून समजावलं होतं. वर म्हणालो होतो, ही फार बेसिक चूक आहे.

एक वाजता स्वयंपाकघरात गेलो. पांढऱ्या रश्श्यावर साय धरलेली. आई जागीच.

"संपलं का काम?"

"व्हय."

"काय झालतं एवढं?"

"एक दार लावायचं राहिलं होतं."

आई उठली आणि पुढची कडी बघून आली.