कोशकाराला शाल, शब्दांना कुलूप

इंदुरी मराठीचा ऑनलाइन कोश चालवणं म्हणजे घरात पोलीस चौकी उघडण्यासारखं आहे. येणारा प्रत्येक जण तक्रार घेऊनच येतो.

होळकरांच्या मागोमाग मराठी माळव्यात आली, हिंदी-माळवीच्या शेजारात पिढ्यान्‌पिढ्या राहिली, आणि तिला 'भिया', 'अपन', 'करून राहिलोय' अशी माणसं नि क्रियापदं चिकटली. ती कुणीतरी लिहून ठेवावीत, एवढाच माझा हेतू. पहिला आक्षेप नागपूरहून आला. 'करून राहिलो' आमचं आहे, काढा. म्हटलं, साहेब, दोन्ही गावांना शेजार हिंदीचाच. उत्तर आलं, "शेजार कुणालाही असतो, क्रियापद आमचं आहे."

मग रामबागेतले एक निवृत्त मास्तर दारात उभे राहिले.
"तुमच्या कोशात 'काळा' आधी आणि 'कावळा' नंतर?"
म्हटलं, "सर, युनिकोडनं ळ ला ल आणि व च्या मधे बसवलंय. कॉम्प्युटर त्याच क्रमानं लावतो."
"बाराखडीच्या तक्त्यात ळ कुठे असतो?"
"ह च्या नंतर."
"मग युनिकोडला पत्र टाका." चहा पिऊन गेले. टाकलं का पत्र, हे विचारायला अजून फोन करतात.

शिव्यांचं प्रकरण वेगळंच. तरुण मंडळी त्याच पाठवतात, अर्थासकट, उदाहरणासकट. आमच्या मावशींनी फर्मान काढलं, "असले शब्द आपल्या लोकांत नाहीत." त्याच रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याच्या किसाचा द्रोण हातात असताना एका स्कूटरवाल्यानं त्यांच्या पायावरून चाक नेलं. मावशींनी मागून जे फेकलं, त्यात यादीतल्या बऱ्याच नोंदी होत्या, आणि आघात कुठे द्यायचा तेही मला तेव्हा नीट कळलं. द्रोणातला कीस मात्र सांडला नाही.

बायकोचं मत असं की, दाते-कर्व्यांनी 1932 ते 1938 मधे महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढले, आणि तुमचा 'भ' अजून संपत नाही. त्यांच्या घरी दूध आणायला कोण जात होतं, हे मी विचारलं नाही.

तर अशा कोशाचा एका मंडळानं सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्रात मी 'बोलीवैभवाचा साक्षेपी संवर्धक' होतो. कोशातला एकही शब्द त्यात नव्हता. अध्यक्ष हिंदीनं नासवलेल्या मराठीवर भरपूर बोलले, खाली बसले आणि माइक चालू आहे हे न बघता म्हणाले, "भिया, तो पंखा जरा बंद करून दे ना, शाल उडून राहिली." माझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला. त्यांनी ते पाहिलं. सभागृहानंही पाहिलं.

तिथून माझी उपासमार सुरू झाली. मी पंगतीत बसलो की शेजारचे "किंचित वरण वाढता का?" म्हणतात. पोह्याच्या ठेल्यावर ओळखीची पोरं मला बघून गप्प होतात आणि निमूट जिरावन मसाला भुरभुरतात. सख्खा पुतण्या, जो एरवी "काका, गाडीची चाबी फेका" म्हणायचा, तो परवा "आपलं वाहन मिळेल का?" म्हणाला. दिलं नाही. माझी बोली बंद करून वर माझंच पेट्रोल?

आता माल येतो तो फक्त बायकोच्या भिशीतून. तिथे मला प्रवेश नाही, म्हणून तिथे सगळ्या मोकळेपणानं बोलतात. ती घरी येते, पर्स ठेवते, "आज एक जबरदस्त आहे" म्हणते आणि सिंककडे बोट दाखवते. दर तिनंच ठरवलाय. साध्या शब्दाला कपबशा, वाक्प्रचाराला कुकर. काल एका शिवीपायी मी कढईसुद्धा घासली. शिवी खरंच अस्सल होती, छापण्यासारखी. लिहून घेतली, नियमाप्रमाणे विचारलं, "कुणाच्या तोंडची?"

"नाव नाही घालायचं," ती म्हणाली. "तुमच्या आई आल्या होत्या आज भिशीला."