रमाबाई एकट्या वाचत नव्हत्या

जय ख्रिस्त, दादा. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पवित्र शास्त्र हातात आहे, अर्थ शिकवायला पवित्र आत्मा आहे, मग मंडळीच्या जुन्या शिकवणीचं ओझं कशाला? बायबलातल्या कलस्सै १:१५ या वचनातल्या 'ज्येष्ठ' या शब्दावरून पुत्र, म्हणजे ख्रिस्तही देवाने निर्माण केलेलाच, हा अर्थ तुम्हाला प्रार्थनेत उमगला. शिवाय पंडिता रमाबाईंनीही चर्चचं ऐकलं नाही, असा दाखला दिलात.

आत्मा शिकवतो, हे मीही मानतो. पण १५२९च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या मारबुर्गच्या किल्ल्यात ल्यूथर आणि झ्विंग्ली हे दोन धर्मसुधारक समोरासमोर बसले, तेव्हा दोघांनीही पोपचा अधिकार झुगारलेला होता आणि दोघांचाही भरवसा शास्त्रावरच होता. 'हे माझे शरीर आहे' हे भाकरीविषयीचं ख्रिस्ताचं वाक्य ल्यूथरने खडूने टेबलावर लिहिलं आणि तो तिथून तसूभर हलला नाही. १५ पैकी १४ मुद्द्यांवर जमलं. प्रभुभोजनात, म्हणजे भाकरी-द्राक्षारसाच्या विधीत, ख्रिस्त शरीराने हजर असतो का, यावर फिसकटलं. मग आत्मा शिकवत होता तो कोणाला? तुमच्या मांडणीत हे ठरवायची सोयच नाही.

रमाबाईंचा दाखला मात्र मोलाचा आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रांतून कडाक्याचा वाद झाला. त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण रमाबाईंना पटत नव्हती. इथल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं. क्रुसावरची अक्षरं लॅटिन नकोत, संस्कृत हवीत, यावरही त्या अडून बसल्या. तिथे त्यांचंच बरोबर होतं, असं मी ठामपणे म्हणेन. पण ती पत्रं नीट वाचा, दादा. बाई विचारतात, आलेलं उत्तर तपासतात, खोडतात, पुन्हा विचारतात. इंग्लंडमधल्या शिक्षिका डोरोथिया बील यांच्याशीही हेच चालायचं. चर्चची शिकवण समोर घेऊन त्या तिच्याशी भांडत होत्या. तुम्ही तर ती उघडूनही बघायची नाही म्हणता.

ती उघडली असती, तर तुमचा अर्थ नवा नाही हे दिसलं असतं. चौथ्या शतकात एरियस या धर्मगुरूचं म्हणणं हेच होतं, आणि ३२५ साली नायसियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने ते नाकारलं. त्याचे अनुयायी पुढे कलस्सैच्या याच वचनावर बोट ठेवत. बिशप अथनासियसने त्यांना पुढची ओळ दाखवली: सगळं त्याच्या ठायी निर्माण झालं, तर निर्माण झालेल्यांत तो स्वतः कसा मोडेल? या प्रश्नाला तुमचं उत्तर काय, ते जरूर लिहा. मी वाचेन.