थंडीत काशीचे विद्यापीठ पाहायचे, पण नेमके कधी?

भुसावळच्या आमच्या कट्ट्यावर नवरात्रात सहसा केळीच्या भावाची चर्चा असते, कारण उपासाच्या दिवसांत मागणी वाढते आणि यावल-रावेरकडचे निम्मे मित्र त्याच कामासाठी गावात येतात. या वेळी मात्र लागोपाठ काही संध्याकाळी एकच विषय चालला. आप्पांची मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे, तिला कृषी पदवीसाठी वाराणसीच्या काशी हिंदू विद्यापीठात प्रवेश हवा आहे, आणि अर्ज भरण्यापूर्वी तिथला परिसर, वसतिगृह व प्रक्षेत्र एकदा डोळ्यांनी पाहावे असा तिचा आग्रह आहे. आप्पांना तो मान्य आहे. वाद होता तो हिवाळ्यात जायचे तर नेमके कधी जायचे आणि कोणी जायचे यावर. पुढच्या वर्षीही आपल्याकडची मुले याच वाटेने जाणार आणि त्यांच्या घरी हेच प्रश्न निघणार, म्हणून ही चर्चा लिहून ठेवतो आहे.

बापूंचा आक्षेप मुळावरच होता. ते सहकारी बँकेत नोकरीला आहेत आणि खर्चाचा हिशेब त्यांच्या तोंडी असतो. त्यांचे म्हणणे असे की, प्रवेश सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर मिळणार, ती परीक्षा अजून व्हायची आहे, मग न मिळालेल्या जागेची पाहणी करायला दोन माणसांनी इतक्या लांब जावेच कशाला? धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे, राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, केळीचे संशोधन केंद्र तर जळगावातच आहे. आणि काशीच पाहायची असेल तर व्हिडिओ हवे तेवढे मिळतात.

सरांनी याला दिलेले उत्तर मला पूर्ण पटले. सर कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतात आणि प्रवेशाच्या काळात पालकांची होणारी धावपळ ते जवळून पाहतात. ते म्हणाले, ‘‘बापू, निकाल लागल्यावर पसंतीक्रम भरायला मोजके दिवस मिळतात. त्या दिवसांत कोणी काशीला जाऊन येत नाही. तेव्हा घरात जे भांडण होते ते न पाहिलेल्या जागेबद्दल होते, आणि न पाहिलेल्या जागेबद्दल प्रत्येकाची भीती वेगळी असते. मुलीने धुळे निवडले तरी चालेल, पण ते तिने दोन्ही पाहून निवडावे.’’ उन्हाळ्यात जाण्याचा पर्याय त्यांनी एका वाक्यात निकालात काढला: मे-जूनमध्ये वाराणसीचा पारा पंचेचाळिसाच्या घरात असतो, विद्यापीठाला सुट्टी असते, आणि शेतात पाहण्यासारखे पीक नसते. कृषीच्या विद्यार्थिनीने परिसर पाहायचा तो रब्बी उभा असताना, यावर बापूंसह सर्वांचे एकमत झाले.

खरा वाद येथून सुरू झाला. आप्पांच्या मनात दिवाळीची सुट्टी होती. कॉलेज बंद, मुलगी मोकळी, कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्याअखेरच्या केळीची, लावणीही तोवर आटोपलेली. ऐकायला हे सोयीचे वाटते, परंतु आपली दिवाळीची सुट्टी आणि पूर्वेकडची छठपूजा एकमेकींना लागून येतात. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ असते, आणि त्यासाठी मुंबई, नाशिक, सुरतेकडून गावी निघालेला माणूस जिथे पाय ठेवायला जागा मिळेल तिथे उभा राहून जातो. भुसावळच्या फलाटावर त्या आठवड्यात ज्याने महानगरी किंवा कामायनी एक्सप्रेस येताना पाहिली आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. आरक्षित डब्याच्या दारातूनही आत शिरता येत नाही. छठ संपते न संपते तोच त्रिपुरी पौर्णिमा येते, म्हणजे काशीची देवदिवाळी, आणि तेव्हा तिथे राहायला साधी खोलीसुद्धा दुप्पट-तिप्पट भावाशिवाय मिळत नाही.

मग बापूंनी, आता विरोध सोडून, संक्रांतीनंतरचा मुहूर्त सुचवला. त्यांच्या मते वसंत पंचमीला जावे. विद्यापीठाची कोनशिला 4 फेब्रुवारी 1916 रोजी वसंत पंचमीच्या सुमारास बसवली गेली, आणि दरवर्षी त्या तिथीला स्थापना दिन साजरा होतो, वेगवेगळ्या विभागांच्या झांक्या निघतात, सगळा परिसर सजतो. एकाच फेरीत विद्यापीठही पाहून होईल आणि काशी विश्वनाथाचे दर्शनही. आप्पांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी घरी फोन लावायला मोबाइल बाहेर काढला होता. मी मात्र तिला ठाम विरोध केला आणि आजही माझे मत तेच आहे. सणाच्या दिवशी संस्था पाहुण्यांसाठी नटलेली असते. आपल्याला पाहायचे आहे ते साध्या मंगळवारी वर्ग भरतात का, प्रयोगशाळा उघडी असते का, रात्री आठ वाजता ग्रंथालयात किती मुले बसलेली असतात. चार वर्षे मुलीला त्या मंगळवारांतच काढायची आहेत.

वसंत पंचमीविरुद्ध आणखी दोन गोष्टी होत्या. पौष पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत प्रयागराजला माघ मेळा असतो, आणि आपल्याकडून वाराणसीला जाणारा रस्ता जबलपूर, सतना, माणिकपूर करत प्रयागराजच्या अंगावरूनच जातो, म्हणजे स्नानाच्या पर्वणीची सगळी गर्दी याच गाड्यांना. दुसरी गोष्ट सरांनी सांगितली आणि ती सगळ्यात वजनदार होती: बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते, तिच्या आधी तोंडी व प्रात्यक्षिके असतात आणि जानेवारीत सराव परीक्षा. त्या काळात मुलीला आठवडाभर घराबाहेर काढणे म्हणजे जिच्यासाठी हा सगळा खटाटोप तिचेच नुकसान करणे होय.

आता राहिला डिसेंबर, आणि डिसेंबर म्हटला की धुके. इथे नानांनी सूत्रे हातात घेतली. नाना लोको पायलट म्हणून निवृत्त झाले आहेत. ते सहसा कमी बोलतात, पण रेल्वेविषयी कोणी ढोबळ विधान केले की त्यांना राहवत नाही. बापू म्हणाले, ‘‘आजकाल इंजिनात यंत्र असते, धुक्याचे काही वाटत नाही,’’ तेव्हा नानांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि सविस्तर समजावले. फॉग पास हे जीपीएसवर चालणारे यंत्र पुढचा सिग्नल किती अंतरावर आहे ते चालकाला सांगते. पण तो सिग्नल लाल आहे की हिरवा हे सांगत नाही, ते चालकाने स्वतःच्या डोळ्यांनीच पाहायचे असते. दाट धुक्यात सिग्नल अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही, म्हणून गाडी दिसेल तेवढ्याच बेताने हाकावी लागते. पूर्वी सिग्नलच्या अलीकडे रुळावर फटाके लावत, चाकाखाली ते वाजले की चालक सावध होई. ती पद्धतही अजून पूर्ण गेलेली नाही. एक गाडी हळू झाली की तिच्या मागच्या सगळ्या गाड्या थांबतात, आणि उशीर एका गाडीचा न राहता अख्ख्या मार्गाचा होतो.

नानांच्या बोलण्यातला पुढचा भाग प्रवास आखणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा असा आहे. जाताना आपली गाडी भुसावळहून वेळेवर सुटते, कारण जबलपूरपर्यंत सहसा तसे धुके नसते. उशीर होतो तो माणिकपूरच्या पुढच्या शेवटच्या पट्ट्यात. महानगरी आपल्याकडे सकाळी येते आणि वाराणसीला दुसऱ्या दिवशी पहाटेच्या अंधारात पोहोचते, तेव्हा तिला दोन-तीन तास उशीर झाला तर उलट बरेच, उजाडल्यावर उतरायला मिळते. येताना मात्र गणित उलटे असते. मुंबईहून गेलेला रेकच, म्हणजे डब्यांचा तोच संच, उशिरा पोहोचला तर परतीची गाडी सुटतेच उशिरा, आणि किती उशिरा ते आधी कळत नाही. म्हणून परतीच्या तिकिटाच्या आधीचा एक दिवस आणि घरी पोहोचल्यानंतरचा एक दिवस रिकामा ठेवावा, त्या दिवशी परीक्षा, लग्न किंवा बाजाराचे काम ठेवू नये. गाडी आपल्या चढण्याच्या स्थानकावर तीन तासांहून अधिक उशिरा असेल आणि आपण प्रवास रद्द करत असू, तर पूर्ण पैसे परत मिळतात, पण त्यासाठी गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरावा लागतो. गाडी गेल्यावर भरला तर उपयोग नाही. बापूंनी मध्येच जळगावहून मुंबई आणि तिथून पुढे विमानाचा विषय काढला, परंतु धुक्यात विमानेही खोळंबतात आणि दोघांचे भाडे ऐकून आप्पांनीच तो मिटवला.

थंडीविषयीही आपल्याकडे एक गैरसमज आहे. आपल्या भागातही डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहाच्या खाली येतो, तेव्हा आम्हाला थंडीचे काय, असे आप्पा म्हणाले. पण खानदेशातली थंडी सूर्य वर आला की ओसरते. दुपारी शेतात सदरा घामाने भिजतो. गंगेच्या खोऱ्यात धुके दिवसभर वर धरून राहिले तर ऊन पोहोचतच नाही आणि भर दुपारी बारा वाजताही हात बाहेर काढवत नाहीत. एका स्वेटरवर भागणारी थंडी ती नव्हे. कानटोपी, मोजे, आतून घालायचे उबदार कपडे आणि मुलीसाठी जाडजूड शाल सोबत हवीच.

चर्चा इथवर आली होती तेव्हा नानांना जेवायला बोलवायला त्यांची सून आली. ती स्वतः नागपूरला वसतिगृहात राहून शिकलेली आहे. उभ्या उभ्या दोन मिनिटे ऐकून तिने विचारले, ‘‘आप्पा, तुम्ही आणि सर जाणार म्हणता, पण मुलींच्या वसतिगृहात तुम्हाला आत कोण सोडणार? तुम्ही फाटकाशीच बसाल. काकूंना पाठवा.’’ कट्ट्यावर आम्ही सगळे पुरुष, आणि इतक्या दिवसांत हे एकालाही सुचले नव्हते. मग तिने जे सांगितले ते आमच्या सगळ्या वेळापत्रकांपेक्षा मोलाचे होते. वसतिगृह पाहायला सकाळी कार्यालयाच्या वेळेत जाऊ नये, संध्याकाळी मुली मेसला जातात तेव्हा जावे. आत सोडले नाही तरी फाटकाबाहेर चार मुलींशी बोलता येते. त्यांना विचारायचे ते असे: थंडीत आंघोळीला गरम पाणी रोज येते का, फाटक किती वाजता बंद होते, मध्यरात्री ताप आला तर दवाखान्यात कोण नेते, मेसमध्ये पोळी आणि भात याशिवाय काय असते, आणि पहिल्या वर्षाला खोली लगेच मिळते की काही महिने बाहेर राहावे लागते. त्यांच्यापैकी एकीने आपणहून दिला तर तिचा फोन नंबर मुलीने घ्यावा, आईवडिलांनी नव्हे. हे सगळे ती आप्पांना सांगत असली तरी आम्ही सर्वच कान देऊन ऐकत होतो.

सरांनी त्यात दोन गोष्टींची भर घातली. पहिली, विद्यापीठाचा मिर्झापूर जिल्ह्यातील बरकछा येथे दुसरा मोठा परिसर आहे आणि काही अभ्यासक्रम तिथे चालतात, तेव्हा मुलीला हवा असलेला अभ्यासक्रम कोणत्या परिसरात आहे हे निघण्यापूर्वी विद्यापीठाच्या माहितीपत्रकातून नक्की करावे. वाराणसीच्या लंका भागातल्या सिंहद्वारातून मुख्य परिसरात जाऊन सगळे पाहून यायचे आणि शिकायला मात्र भलतीकडेच जायचे, असे होऊ नये. दुसरी, मुख्य परिसर सुमारे 1300 एकरांचा आहे, म्हणून मुक्काम घाटांजवळ न ठेवता लंका भागातच ठेवावा आणि पूर्ण दोन दिवस त्यासाठी द्यावेत: एक दिवस कृषी संस्था व तिचे प्रक्षेत्र, दुसरा वसतिगृह आणि ग्रंथालय. ते ग्रंथालय सयाजीराव गायकवाडांच्या नावाचे आहे, त्यांच्याच देणगीतून त्याची इमारत उभी राहिली. सयाजीराव जन्माने मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे, म्हणजे आपल्या शेजारचे. हे ऐकून आप्पांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो माझ्या लक्षात राहिला आहे. परक्या मुलखात मुलीला पाठवणाऱ्या बापाला एवढीशी ओळखही धीर देते.

सगळे सण, मेळे, परीक्षा आणि धुके वजा केल्यावर जो काळ उरला तो त्रिपुरी पौर्णिमेनंतरचा आणि डिसेंबरच्या पहिल्या दहा दिवसांपर्यंतचा. दाट धुके सहसा डिसेंबरच्या उत्तरार्धात बसते, विद्यापीठाच्या सत्र परीक्षा व हिवाळी सुट्टी त्यानंतर येतात, आणि आपल्याकडे तोवर सराव परीक्षेची घाई नसते. विद्यापीठाच्या शैक्षणिक दिनदर्शिकेशी हे दिवस ताडून पाहायचे काम सरांनी घेतले, आणि मुलीच्या प्रात्यक्षिकांचे तास नंतर भरून देण्याविषयी तिच्या शिक्षकांशी बोलायचेही. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी सुरू होत असल्यामुळे आता दिवस घालवण्यासारखी स्थिती नव्हती.

तिकिटाच्या वर्गावरून मात्र शेवटपर्यंत एकमत झाले नाही. आप्पांना दोन्हीकडे स्लीपर पुरेसे वाटते. नानांचे म्हणणे, जाताना स्लीपर चालेल, पण येताना गाडी रात्री कुठे तरी तासन्‌तास उभी राहिली तर खिडकीच्या फटीतून येणारा वारा काकूंना आणि पोरीला सोसणार नाही, तेव्हा परतीचे थ्री एसीच काढावे. मी नानांच्या बाजूचा आहे. जाण्याचे आरक्षण दुसऱ्या दिवशी सकाळी आठला खुले होणार होते आणि परतीचे त्यानंतर चार दिवसांनी. त्या दिवशी आप्पांना फोन करून उठवण्याची जबाबदारी बापूंनी स्वतःकडे घेतली आहे, आणि भाड्यातला फरकही आपण भरू असे त्यांनी आप्पा गेल्यावर आम्हाला सांगितले.