स्पिंडल फुल, फीड हळू : या सल्ल्याने बिट वाचत नाही, जळतं

घरी सीएनसी राउटर (संगणकाच्या हुकमाने लाकूड कापणारं मशीन) आणला की आठवड्याभरात कोणीतरी हा फॉरवर्ड पाठवतंच : "स्पिंडल नेहमी फुल आरपीएमवर ठेवा. फीड जितका हळू, तितकं बिट सुरक्षित. कड काळी पडली तर फीड अजून कमी करा, तरी पडली तर बिट डुप्लिकेट. आवाज वाढला, फीड कमी करा." (स्पिंडल म्हणजे बिट फिरवणारी मोटर, फीड म्हणजे बिट मालातून पुढे सरकण्याचा वेग.) पाठवणाऱ्याच्या मनात काळजीच असते. मीही सुरुवातीला तसंच चालवलं आणि देवघराच्या एकाच जाळीत सहा एमएमची तीन बिटं घालवली. एकही तुटलं नाही. तिन्ही जळली.

"फीड जितका हळू, तितकं बिट सुरक्षित." सगळी गफलत इथे आहे. बघायचं असतं ते हे, की एका फेरीत एक दात किती जाडीची चिप उचलतो. यालाच चिपलोड म्हणतात. फीडला आरपीएम आणि फ्लूटच्या (म्हणजे बिटाच्या दातांच्या संख्येच्या) गुणाकाराने भागा, झालं. फॉरवर्डच्या पद्धतीने २४,००० आरपीएम, दोन फ्लूट आणि मिनिटाला ६०० एमएम फीड धरला, तर उत्तर येतं ०.०१२५ एमएम. सहा एमएमच्या कार्बाइड बिटाला एमडीएफमध्ये ०.१ च्या आसपास हवं. मशीनची फ्रेम लेचीपेची असेल तर निम्म्यावर भागवा. कोऱ्या बिटाची धारसुद्धा सूक्ष्मदर्शकाखाली जराशी गोलच असते. चिप त्या गोलाईइतकी पातळ झाली की धार आत शिरत नाही, वरून घासत जाते. सुताराने रंधा हलक्या हाताने मारला तर सोलपट निघत नाही, पातं नुसतं घसरतं. तेच इथे मिनिटाला ४८,००० वेळा होतं.

हाच हिशेब दुसऱ्या बाजूने करा. त्या वेगाने एक मीटर खाच पाडायला बिटाच्या ४०,००० फेऱ्या होतात. दर फेरीत धार अर्धं वर्तुळ, म्हणजे साडेनऊ एमएमच्या आसपास, मालातून जाते. एक मीटर खाचेसाठी प्रत्येक धार सुमारे ३७७ मीटर घासली! फीड चौपट, म्हणजे २४०० केला, तर तेच अंतर ९४ मीटरवर येतं. एमडीएफमधला राळेचा चिकट भाग धार खातो आणि सागवानातली सिलिका त्याहून वाईट. म्हणजे "जपून" चालवणारा माणूस धार चौपट झिजवतोय.

"कड काळी पडली तर फीड अजून कमी करा." हे तर आगीत तेल. जाड चिप उष्णता घेऊन बाहेर पडते. घासण्यातून निघालेली उष्णता बिटात आणि कडेतच राहते. अ‍ॅक्रिलिक साधारण १०५ अंशांना मऊ पडतं, त्यामुळे तिथे काळं व्हायच्या आधीच माल वितळून बिटाला गुंडाळतो. लाकडात धूर दिसला तर मशीन थांबवा, कारण धुमसता कण व्हॅक्यूमच्या पिशवीत गेला की भुसा पेटायला वेळ लागत नाही. चूक ओळखायची तर भुसा बोटांत चोळून बघा : सागवान किंवा प्लायमध्ये पीठ निघत असेल तर घासतंय. (एमडीएफचं पीठच होतं, तिथे ही परीक्षा चालत नाही.)

बिट डुप्लिकेट असूही शकतं. पण आधी कोलेट (बिट पकडणारी चिमटी) साफ करा.

"स्पिंडल नेहमी फुल" यात थोडं तथ्य आहे. एक एमएमचं बारीक बिट २४,००० वर फिरलं तरी त्याच्या धारेचा वेग मिनिटाला ७५ मीटरच होतो. ते खुशाल फुलवर चालवा. सहा एमएमचं बिट त्याच आरपीएमला ४५२ मीटरवर पोचतं, त्याला फुलची गरज नाही. व्हीएफडीवाले (स्पिंडलचा वेग बदलणारा कंट्रोलर वापरणारे) म्हणतात, आरपीएम कमी केला की पॉवर पडते. पॉवर पडते, पण टॉर्क जवळपास तेवढाच राहतो. हवेने गार होणारा स्पिंडल मात्र फार खाली नेऊ नका, त्याचा पंखा त्याच शाफ्टवर असतो.

आवाजाचं म्हणाल तर आवाज दोन असतात. बारीक किंचाळी आली तर बिट घासतंय : फीड वाढवा किंवा आरपीएम उतरवा. जाड घरघर आणि टेबलाला हादरे असतील तर फ्रेम वाकतेय, मग आधी डेप्थ कमी करा.

यावर ३०१८ वाल्यांचा (३० बाय १८ सेंटिमीटरचं छोटं हौशी मशीन असलेल्यांचा) प्रश्न ठरलेला : "आमचं मशीन २४०० ला धावतच नाही." नका धाववू. एक फ्लूटचं बिट लावा, १०,००० आरपीएमवर ४०० फीड द्या, ०.०४ एमएम मिळतं. सव्वातीन एमएमच्या बिटाला तेवढं पुरे.

आणि एक गोष्ट जी फॉरवर्डमध्ये नाही, पण माझी जाळी त्यानेच जाळली. तुम्ही लिहिलेला फीड मशीन गाठतं का? ग्रबलमध्ये (अशी मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) अ‍ॅक्सिलरेशनची मूळ सेटिंग १० असते, म्हणजे दर सेकंदाला वेग सेकंदाला १० एमएमने वाढतो. दहा एमएमची रेघ, दोन्ही टोकांना थांबा : मशीन मध्यावर कसंबसं ६०० ला पोचतं आणि लगेच ब्रेक मारतं. फाइलमध्ये २४०० लिहा नाहीतर १०,०००, फरक शून्य. जाळीत सगळ्या अशाच रेघा, म्हणजे दर कोपऱ्यात पुन्हा घासणं.

आता तीच जाळी मी मकिताच्या ट्रिमरवर (स्पिंडलच्या जागी लावलेला हातातला छोटा राउटर) डायल २ ला, म्हणजे १२,००० आरपीएमवर, एक फ्लूट आणि १२०० फीड देऊन कापतो. लांब रेघेत चिपलोड ०.१, छोट्या रेघेत मध्यावर ०.०५. कोपऱ्यात अजूनही हलका तपकिरी ठिपका पडतो. तिथे पॉलिश पेपर मारतो.